हातातली सुई काढून घेतली तेव्हा

"मॅडम, मला आता काहीच करावंसं वाटंना. मी आळशी झाले का?" एमबीबीएसनंतर पीजी करणारी डॉक्टर मुलं मनाचं काही घेऊन माझ्याकडं येतात, तेव्हा सुरुवात बहुतेक अशीच होते. घरचे म्हणतात, एवढी नीटची परीक्षा काढली, आता काय झालं?

लातूरला माझ्याकडं आलेली ही भूलशास्त्राची दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, म्हणजे शिकता शिकता हॉस्पिटलात ड्युटी करणारी डॉक्टर. गाव जिंतूरकडचं, घरातली पहिलीच डॉक्टर. (तिच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल ते बदललंय.)

झोप, भूक आणि जीव नकोसा होतो का, हे मी आधीच विचारलं. हा शेवटचा प्रश्न सरळ विचारावा. विचारल्यानं तसा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. तिचं तसं नव्हतं. तरी टेलिमानस या सरकारी मानसिक मदतीच्या फोनसेवेचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. झोपेचे हाल होतेच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या टास्क फोर्सनं २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांच्या वर ड्युटी नको म्हटलं. तिची त्याहून जास्त व्हायची. पण सुट्टीत दोन दिवस झोपूनही मन लागेना, म्हणजे हा नुसता थकवा नव्हता.

"एखादा दिवस सांगा," म्हटलं. सिझरची केस. पेशंट पाठ वाकवून बसलेली. हिनं स्पायनलची, म्हणजे पाठीतून भूल द्यायची सुई घातली, हाड लागलं. सुई थोडी मागं घेऊन दिशा बदलायची, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात सर म्हणाले, "हो बाजूला." त्यांच्या हातून पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला, म्हणजे सुई बरोबर जागी पोचली. ही हातमोजे घालून नुसती उभी. आणि त्याच रात्री तशाच केसला सर फोनवर: "बघ तू, लागलं तर सांग."

दिवसा जिच्या हातावर भरवसा नाही, रात्री तिच्याच हवाली बाळ-बाळंतीण! याला मी आळस कसा म्हणू?

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत आतून ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात: आपल्या मर्जीनं काही करता येणं, ते जमतंय असं वाटणं आणि आपलं कुणीतरी सोबत असणं. दिवसा तिच्या पहिल्या दोन जात होत्या, रात्री तिसरी.

मी तिला पंधरा दिवस वहीत एकच नोंद करायला सांगितली: कोणत्या ड्युटीवरून येताना बरं वाटलं? सगळ्या नोंदी एकाच लेक्चरर मॅडमच्या निघाल्या. "त्या हात मागं बांधून उभ्या राहतात. म्हणतात, तू कर, मी इथंच हाय." कामाची गोडी गेलीच नव्हती तर.

मग सरांना काय म्हणायचं, त्याची आम्ही तालीम केली. केस सुरू व्हायच्या आधी, एकट्यात, एवढंच: "सर, दोन प्रयत्न मला करू द्या. पेशंटला त्रास व्हायला लागला तर लगेच घ्या." पहिल्यांदा सर "बघू" म्हणाले. आठवडाभरानं हो म्हणाले.

पुढच्या भेटीत मी विचारलं, जमलं का?

"नाही मॅडम. तिसऱ्यांदा सरांनीच घेतली. पण सांगितलं, पेशंट एका अंगाला कललेली होती, मी ते बघितलंच नव्हतं." आणि माझ्या टेबलावरचा कागद ओढून तिनं कललेल्या पाठीचं चित्र काढायला घेतलं.