मॅग्नेटोरेझिस्टिव्ह अॅम्प्लिफायर पहिल्यांदा करतोयस? आधी एवढं बघ

भावा, पहिल्याच दिवशी ऑसिलेटर (आउटपुट परत कॉइलला देऊन आपोआप चालू राहणारा सिग्नल) काढायला जाऊ नको. तत्त्व साधंय, कॉइलमधल्या करंटनं चुंबकीय फील्ड बदलतं, फील्डनं जवळच्या धातूच्या पट्टीचा रेझिस्टन्स बदलतो आणि पॉवर येते ती बॅटरीतनं.

सुटा बिस्मथचा तुकडा नको, एचएमसी1001 सारखी तयार ब्रिज चिप (आत चार रेझिस्टन्स जोडून फक्त फरक मोजणारी) घे. तिच्यातल्या निकेल-लोखंडाच्या पट्टीचा रेझिस्टन्स बदलतो जेमतेम 2-3 टक्के, ब्रिज नसला तर तापमानाचा ड्रिफ्टच सिग्नल म्हणून दिसतो.

कॉइलसाठी वायर उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या भागात, मोटर रिवाइंडिंगवाल्याकडं बघ. 2 सेंमी लांबीत 200 वेढे, 1 मिलिअँपिअर सोडलास की फील्ड साधारण 0.1 गॉस (गॉस म्हणजे फील्डचं एकक), आणि 5 व्होल्टवर चिप देणार दीड-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे बहुतेक कॉइलला दिलं त्याहून कमीच, तर निराश होऊ नको, सगळ्यांचं असंच होतं, मधे ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) लाव आणि पुढं जा.

नवीन लोकांच्या चुका:
- शेजारी स्पीकर, मोबाइल, लोखंडी स्क्रू. पृथ्वीचं फील्डच अर्धा गॉसच्या आसपास असतंय, त्यामुळं सेटअप हलवला की रीडिंग बदलतं!
- चुकून जोरदार मॅग्नेट जवळ नेला की चिप बिघडल्यासारखी वागते. फेकू नको, सेट-रीसेटचा पल्स दे, म्हणजे चिपच्या त्या पिनांतनं क्षणभर जोराचा करंट सोड.
- पुढं ऑसिलेटर करताना फीडबॅक (आउटपुट परत कॉइलला देणं) उलटा. कॉइलची दोन टोकं बदलून बघ. आणि कॉइलला कॅपॅसिटर नसला तर आउटपुट एका बाजूला जाऊन अडकतं, ते ऑसिलेशन नव्हे.

जीएमआर (जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स), स्पिन-टॉर्क असले पुढचे प्रकार सध्या राहू दे. आधी चिप हातात फिरवून मल्टिमीटरवर मिलिव्होल्ट बदलताना बघ, मग रीडिंग टाक इथं.