लेनमधून जाणाऱ्या जहाजाला आडवी फेरी वाट देते का?

तुम्ही विचारलंय, इंग्लंड आणि फ्रान्समधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत जहाजांना ये-जा करायला वेगळ्या लेन असताना आडव्या येणाऱ्या फेरीबोटीनेच वाट द्यायला हवी ना? आणि ती काटकोनातच का जाते?

पहिल्याचं उत्तर: लेनमुळे असा हक्क मिळत नाही. मी मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. हा गैरसमज नव्या कॅडेटमध्येही हमखास दिसतो.

लेन आल्या त्या समोरासमोरच्या धडकांमुळे. डोव्हरला १९६७ पासून लेन होत्या, पण ऐच्छिक. जानेवारी १९७१ मध्ये 'पराकास' हे जहाज इंग्लंडकडच्या लेनमधून उलट्या दिशेने गेलं आणि 'टेक्साको कॅरिबियन' टँकरवर आदळलं. दुसऱ्याच दिवशी 'ब्रांडेनबुर्ग' त्या अवशेषांवर आपटून बुडालं, काही आठवड्यांनी 'नीकी'. तिच्यावरचं कुणीच वाचलं नाही. पुढे १९७२ च्या टक्करविरोधी नियमांत, म्हणजे कोलरेगमध्ये, लेनसाठी दहावा नियम आला. तो १९७७ पासून लागू आहे. पण तो बाकीचे नियम रद्द करत नाही. इंजिनवरची दोन जहाजं आडवी येत असतील तर दुसरं जहाज ज्याच्या उजवीकडे आहे त्याने वाट द्यायची, हा पंधरावा नियम लेनमध्येही तसाच.

आता डोव्हर बघा. नैऋत्येला जाणारी जहाजं इंग्लंडच्या बाजूने, ईशान्येला जाणारी फ्रान्सच्या बाजूने. रात्री मी नैऋत्येला चाललोय, डोव्हरहून फ्रान्समधल्या कॅलेला निघालेली फेरी उजवीकडून येतेय. तिचा लाल, म्हणजे डाव्या बाजूचा दिवा दिसतो आणि बेअरिंग, म्हणजे ती ज्या दिशेला दिसते ती दिशा, जागचं हलत नाही. म्हणजे टक्कर होणार, आणि वाट मी द्यायची. तीच फेरी पुढच्या लेनमध्ये शिरली की तिथल्या जहाजांच्या डावीकडे येते. आता वाट तिने द्यायची. लेनमध्ये असूनही वाट आम्हाला द्यावी लागू शकते, म्हणून आमचं इंजिन रूम तिथे आधीच तयार ठेवतात. उजवीकडे वळून फेरीच्या मागून जायला जागा नसेल, तर वेग वेळेत कमी करता आला पाहिजे.

लहान होड्यांचं वेगळं. २० मीटरपेक्षा छोट्या किंवा शिडाच्या होडीने लेनमधल्या इंजिनवाल्या जहाजाला अडथळा करायचा नाही, आणि मासेमारी करणाऱ्याने कुठल्याच जहाजाला नाही. तरी टक्कर होईल असं दिसलं की मोठ्या जहाजाची जबाबदारी उरतेच.

काटकोनाचं सांगतो. नियमात काटकोन नाकाचा आहे, प्रत्यक्ष कापलेल्या वाटेचा नाही. भरती-ओहोटीच्या वेळी खाडी ओलांडणारी होडी आठवा. नाक समोरच्या काठाकडे सरळ ठेवलं तर ओढ तिला बाजूला नेते, पण पलीकडे ती सगळ्यात लवकर पोचते. ओढीशी झगडत नाक तिरकं धरलं की लेनमध्ये जास्त वेळ जातो. शिवाय रात्री मला फक्त तिचे दिवे दिसतात. नाक काटकोनात असलं तर ती ओलांडतेय हे लगेच कळतं. तिरकं असलं तर ती लेनमध्ये शिरून माझ्यासोबत येतेय की काय, असा प्रश्न पडतो.