टक्कल तेच, माणूस दुसरा

प्रश्न : मी हौशी नाटकं करतो. राज्य नाट्य स्पर्धेत सलग ४ वर्षं माझ्या वाट्याला खलनायकच आला. परवा 'व्हिप्लॅश' पाहिला. त्यातला तो भयंकर संगीतशिक्षक आणि 'जुनो'मधला प्रेमळ बाप एकच नट, हे मुलीनं सांगितलं तेव्हा खरंच वाटेना. हा माणूस साच्यात अडकला कसा नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जे. के. सिमन्स माझा फार लाडका नट आहे, त्यामुळे तुमचं पत्र वाचून लगेच लिहायला बसले.

साचा त्याच्याही वाटेत होताच. १९९७ साली 'ऑझ' ही तुरुंगावरची मालिका सुरू झाली, तेव्हा त्यानं चाळिशी ओलांडली होती. त्यात तो नाझी विचारांचा कैदी शिलिंगर झाला आणि असा झाला की त्याला पाहून आजही माझ्या पोटात गोळा येतो. पण त्याच काळात 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये तो डॉ. स्कोडा हा मनोविकारतज्ज्ञही करत होता. इकडे विखार, तिकडे समजूतदारपणा! हे दुसरं काम त्यानं धरून ठेवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. तुम्हीही पुढच्या वर्षी स्पर्धेबाहेरची एखादी छोटीशी, साध्या माणसाची भूमिका मागून घ्या.

आता खरी गोष्ट. सिमन्स मुळात संगीतातला. वडील संगीतशिक्षक, स्वतःची १९७८ सालची पदवी माँटाना विद्यापीठाची, तीही संगीतातली. मी १२ वर्षं तबला शिकले, म्हणून असेल, पण मला त्याच्या अभिनयात आधी लय ऐकू येते. 'स्पायडर-मॅन'मधला संपादक जेमसन सगळा द्रुत लयीत. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत याचं सुरू. (तिथे टोप आणि मिशी आहेत, पण त्या काढल्या तरी तो जेमसनच राहील.) 'जुनो'त मुलगी गरोदर असल्याचं सांगते तेव्हा हा बाप आवाज चढवत नाही. बोलणं संथ, मध्ये जागा सोडलेली. त्या जागांमध्येच त्याचं दुखावणं आहे.

आणि 'व्हिप्लॅश'चा फ्लेचर! त्याची वळलेली मूठ पाहा. हात वर जातो, मूठ मिटते आणि अख्खा वाद्यवृंद जागच्या जागी थांबतो. ही मूठ उसनी नाही, संगीत दिग्दर्शन शिकलेल्या माणसाची आहे. ड्रम वाजवणारा विद्यार्थी लय चढवतोय की पाडतोय, हे तो आधी अगदी हळू आवाजात सांगत राहतो, मग खुर्ची फेकतो, मग थपडांनी मात्रा मोजून घेतो. मला भीती खुर्चीची वाटली नाही, त्या हळू आवाजाची वाटली. खलनायक करताना तुम्ही आवाज कुठे चढवता ते एकदा तपासा; बहुतेक फार लवकर चढवत असाल. या भूमिकेला २०१५ साली सहायक अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं तेव्हा तो ६० वर्षांचा होता. मंचावरून त्यानं लोकांना सांगितलं, आईवडिलांना फोन करा, मेसेज नको. मी त्याच रात्री आईला फोन केला होता.

शेवटी एक गृहपाठ. 'काउंटरपार्ट' मालिका मिळवा. तीत तो हॉवर्ड सिल्क नावाची २ माणसं करतो : एक दबलेला कारकून, दुसरा कठोर हेर. चेहरा तोच, टक्कल तेच. पहिल्याच भागात दोघं टेबलाशी समोरासमोर बसतात. तो प्रसंग टीव्हीचा आवाज बंद करून पाहा आणि कोण कोणता हे नुसत्या खांद्यांवरून ओळखता येतं का, ते मला कळवा.