रक्तात अळ्या दिसल्या, म्हणजे हृदयातच जंत?

प्रश्न : डॉक्टरताई, आमचा कुत्रा बंड्या चार वर्षांचा, गावठी, २१ किलोचा. दोन दिवस ताप होता म्हणून रक्त तपासलं, तर रिपोर्टात ‘मायक्रोफायलेरिया दिसले’ असं आलं. शेजारी म्हणतात, हृदयात जंत झालेत, महिन्याची प्रतिबंधक गोळी लगेच द्या. देऊ का? घरात आठ महिन्यांची नात रांगते, तिला बंड्यापासून लागण होईल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : गोळी आज देऊ नका. मायक्रोफायलेरिया म्हणजे जंतांची रक्तात फिरणारी पिल्लं. पण कुठल्या जंताची, ते तुमच्या रिपोर्टात नाही, आणि सगळं घोडं तिथंच अडलंय. ती हृदयातल्या डायरोफायलेरिया इमिटिसची असतील, कातडीखाली राहणाऱ्या त्याच्या भावंडाची, रेपेन्सची असतील, नाहीतर पिसवांतून येणाऱ्या बहुतेक निरुपद्रवी जंताचीही असतील.

ताजं रक्त काचेवर घेऊन बघितलं की आधी अळी दिसतच नाही. तांबड्या पेशींच्या गर्दीत कुणीतरी ढुशा मारतंय असं वाटतं, मग तो दोऱ्याचा तुकडा नजरेत भरतो. हृदयाच्या जंताची पिल्लं बहुधा जागच्या जागी वळवळतात, पिसवांवाली सरसर निघून जातात. मला हे बघत बसायला आवडतं, पण त्यावर मी औषध लिहीत नाही.

अँटिजेन टेस्ट करून घ्या. ती मुख्यतः हृदयाच्या जंताच्या पूर्ण वाढलेल्या मादीचा अंश पकडते. ही मादी शेवईसारखी, २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते आणि फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत राहते. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर उपचार काही महिने चालतात, आणि तोवर बंड्याचं धावणं बंद. मेलेले जंत फुफ्फुसात अडकतात, धाप लागते, कधी जिवावर बेतते.

गोळीची घाई नको ती यासाठीच. रक्तात अळ्या खूप असतील तर काही औषधांनी त्या एकदम मरतात आणि कुत्रा शॉकमध्ये जाऊ शकतो. माणसांची किंवा गुरांची आयव्हरमेक्टिन (जंत मारायचं औषध) अंदाजाने तर मुळीच देऊ नका. कॉली जातीच्या कुत्र्यांना जास्त डोस फारच बाधतो.

नातीची काळजी सोडा. चाटण्याने हा जंत जात नाही, मध्ये डास लागतो. माणसात तो क्वचितच शिरतो आणि सहसा पूर्ण वाढत नाही.

सगळं निस्तरलं की बंड्याचं वजन करून महिन्याची गोळी बाराही महिने द्या. मुंबईत डास नसलेला महिना मला अजून भेटलेला नाही. गोळी पुढचे डास अडवत नाही, मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारते, म्हणून तारीख चुकवू नका. कुंड्यांखालच्या बशा आठवड्याला उपड्या करा.

आणि ताप? तो या जंतांचा असेलच असं नाही. आपल्याकडे मी आधी गोचीड-ताप तपासते. दवाखान्यात जाण्याआधी बंड्याच्या कानामागे आणि पायाच्या बोटांमध्ये बोट फिरवून गोचीड आहे का बघा.