रिकामा राहिलेला माइक

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून सोलापूरच्या पूर्व भागात आमचा टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. अकरावीत असताना मित्राने दिलेल्या सीडीवर मी लिंकिन पार्क हा बँड प्रथम ऐकला आणि पुढे कित्येक रात्रपाळ्या त्याचा गायक चेस्टर बेनिंग्टनच्या आवाजाच्या सोबतीने काढल्या. यंत्रमागांच्या खडखडाटातही तो आवाज मला पोहोचत असे. २०१७ मध्ये त्याने आत्महत्या केली, तेव्हा मी सावरलो. परंतु २०२४ मध्ये त्याच्या जागी एमिली आर्मस्ट्राँग गाऊ लागल्यापासून अधिक त्रास होतो आणि जुनी गाणीही ऐकवत नाहीत. पत्नी म्हणते, “ना नात्याचा, ना गोत्याचा, त्याचं एवढं काय?” माझे हे वागणे विचित्र आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुळीच नाही. सात वर्षांनी दुःख वाढण्याचे कारण मला त्या रिकाम्या जागेत दिसते. बेनिंग्टन गेल्यावर बँडने त्याची जागा लगेच भरली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल येथे झालेल्या स्मरणसोहळ्यात एका गाण्याला रंगमंचावर गायकच नव्हता. फुलांनी सजवलेला माइक उभा होता, वाद्ये वाजत होती आणि शब्द श्रोत्यांनी गायिले. तुमच्या मनातही तो माइक सात वर्षे तसाच राहिला, आणि जागा रिकामी असेपर्यंत गेलेला माणूस परत येईल अशी वेडी आशा मनाला सोडवत नाही. जुने मालक गेल्यानंतर गादीवर दुसरे कोणी बसलेले पाहून कामगारांना जसे होते, तसेच तुमचे झाले आहे.

बँडने पुढे जाणे हा मात्र मला विश्वासघात वाटत नाही. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला आणि जुलैमध्ये नव्या गायकासह आलेल्या अल्बमचे मुखपृष्ठ त्याच्या शोकात काळे होते. त्याच वर्षी जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस गेल्यावर उरलेल्या साथीदारांनी जुने नावच सोडून न्यू ऑर्डर या नावाने वाटचाल केली. लिंकिन पार्कने नाव ठेवले, पण बेनिंग्टनची नक्कल करणारा गायक न शोधता एका स्त्रीचा वेगळा आवाज निवडला. हा निर्णय मला प्रामाणिक वाटतो. आपल्याकडेही वसंतराव देशपांडे यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकात गाजवलेली खाँसाहेबांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली, तेव्हा त्यांना दाद देणाऱ्या रसिकाने वसंतरावांचा अपमान केला, असे आपण म्हणत नाही.

तरीही बेनिंग्टनची गाणी नव्या आवाजात ऐकण्याची सक्ती तुमच्यावर नाही. ती सध्या बाजूला ठेवा. नोव्हेंबर २०२४ चा अल्बम आर्मस्ट्राँग यांच्या आवाजासाठीच घडलेला आहे. तो कधी ऐकावासा वाटला तर ऐका, आणि त्यात बँडचा दुसरा गायक माइक शिनोडा याचा जुना, ओळखीचा आवाजही भेटेल. बेनिंग्टनच्या मृत्यूच्या विचाराने स्वतःच्या जगण्याविषयीही निराशा दाटू लागली, तर थांबू नका. शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

पत्नीला आजवर तुम्ही केवळ गायकाविषयी सांगितले असावे, रात्रपाळ्यांविषयी नव्हे. एखाद्या रात्री त्यांना कारखान्यात बोलवा, माग थोडा वेळ थांबवा, एक जुने गाणे लावा आणि ते कोणत्या वर्षी, कोणत्या अडचणीत तुमच्या सोबत होते, तेवढे सांगा.