प्राथमिक आरोग्य सेवेतल्या नर्सला ‘एव्हिडन्स बेस्ड प्रॅक्टिस’चा, म्हणजे संशोधनाच्या पुराव्यावर आधारलेल्या कामाचा, खरंच उपयोग होतो का, की ते परीक्षेपुरतंच?

तुला ‘तू’च म्हणते, राग मानू नकोस. बी.एस्सी. नर्सिंग नुकतंच झालंय असं लिहिलंयस, म्हणजे माझ्या धाकटीच्या वयाची असशील. मी पुण्यातल्या दवाखान्यांत सव्वीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा एकाच ओपीडीत. ‘आमच्या मॅडम म्हणतात, हे सगळं फॉरेनला ठीक आहे, इथे साठ पेशंट समोर असताना पुरावा कोण बघत बसतो,’ हे तुझं वाक्य वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. हेच वाक्य मी आमच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टर सरांकडून ऐकलंय. त्यांचा आकडा ऐंशीचा होता, एवढाच फरक.

दवाखान्याचं नाव नको. पहिला मजला, अरुंद जिना. जिना चढून वर आलं की केसपेपरची खिडकी आणि खिडकीला लागूनच आमचं बीपीचं टेबल. माणूस धापा टाकत यायचा, केसपेपर काढायचा, तिथेच बिनपाठीच्या स्टुलावर टेकायचा. मी बाहीवरूनच कफ, म्हणजे बीपीच्या यंत्राचा दंडाला बांधायचा पट्टा, गुंडाळायची आणि फुगवता फुगवता विचारायची, वय काय, गोळ्या कधीपासून, शुगर आहे का. तोही बिचारा उत्तरं द्यायचा. येईल तो आकडा लाल पेनाने केसपेपरवर. मग पेशंट आत बाकावर जाऊन चाळीस मिनिटं निवांत बसायचा आणि त्यानंतर डॉक्टर तो लाल आकडा बघून गोळी लिहायचे. विसावा होता, पण मोजून झाल्यावर. वर्षानुवर्षं कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मलाही नाही. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, उघड्या दंडावर कफ, बोलू देऊ नका, हे मी परीक्षेत पाठ म्हणून दाखवलेलं होतं.

मग एक मावशी आल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. तीन खेपा त्यांचं बीपी जास्तच भरलं, शेवटच्या खेपेला १६८/९६. एकाच्या दोन गोळ्या झाल्या. दोन आठवड्यांनी मुलगा त्यांना धरून घेऊन आला. ज्या घरी भांडी घासतात तिथल्या मोरीत चक्कर येऊन पडल्या होत्या, कपाळावर टाके. त्या दिवशी गर्दी नव्हती म्हणून त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, दहा मिनिटांनी मोजलं तर ११८. उभं करून मोजलं तर शंभराच्याही खाली. केसपेपर उलटून पाहिला. तो १६८ माझ्याच अक्षरात होता.

सरांकडे गेले. म्हटलं, टेबल जिन्यापासून उचलून बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवू या, डॉक्टरांच्या दाराशी. सर म्हणाले, ‘सिस्टर, ऐंशी पेशंटना पाच-पाच मिनिटं बसवायला हे काय अमृततुल्य आहे का?’ म्हटलं, सर, ते चाळीस मिनिटं बसतातच, आपण फक्त चुकीच्या टोकाला मोजतो. त्यावर ‘पेपर वाचण्यापेक्षा पेशंट बघा’ असं म्हणून त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

शनिवारी दवाखाना सुटल्यावर मी आणि शिपाईमामांनी टेबल हलवलं. खर्च शून्य. घरची जुनी चादर नेऊन आडोसा केला, कारण बायकांच्या ब्लाउजची बाही वर सरकवली की ती दोरीसारखी आवळते आणि तिच्यावरून मोजलं तरी चूकच. आडोशाला एक हात बाहीतून काढायचा, पदर वरून घ्यायचा. जाड दंडासाठी मोठा कफ मागितला, तो यायला सात महिने लागले. लहान कफ जाड दंडाला लावला की बीपी फुगवून दाखवतो आणि तो फरक दहा-वीसचा असू शकतो, दोन-चारचा नव्हे. दोन महिने मी वहीत दोन्ही आकडे लिहीत होते, जिन्याजवळचा आणि बाकानंतरचा. ते आकडे इथे देत नाही, ती काही संशोधनाची वही नव्हती. पण वही बघून सर गप्प झाले.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग, हेल्थ प्रमोशन, म्हणजे आजार टाळायला लोकांना चांगल्या सवयी लावणं, त्यात पुरावा कुठे येतो. त्याच मावशींना मी आधी चार वेळा ‘मीठ कमी खा’ सांगितलं होतं. त्या मान डोलवायच्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, जेमतेम एक चमचा. पडल्यानंतर पहिल्यांदा मी सांगायचं सोडून विचारलं, मावशी, काल सकाळपासून काय काय खाल्लं? पहिल्या घरी चहा-खारी. दुसऱ्या घरी चहा-खारी. दुपारी भाकरी, ठेचा, लोणचं. संध्याकाळी नातवाबरोबर वडापाव. भाजीत मीठ खरंच बेताचं होतं, बाई खोटं बोलत नव्हती. खारी हे नावातच खारट असलेलं प्रकरण मीठ म्हणून कुणी धरतच नाही. एका घरची खारी बंद करायची एवढंच ठरवलं आणि ते त्यांच्याकडूनच वदवून घेतलं. आमच्या भिंतीवर तेव्हा ब्रोकोली आणि सफरचंदाचं पोस्टर होतं. त्या वस्तीत ब्रोकोली कोण आणतंय?

भिंतीवर बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याचा, तक्ताही होता, २५ पर्यंत सगळं हिरवं. फॉरेनचं जसंच्या तसं उचलू नये हे तुझ्या मॅडमचं म्हणणं इथे मला पटतं, पण त्याचंही उत्तर पुरावाच देतो आणि तो पुण्यातलाच आहे. पुण्यातले मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. म्हणून आपल्याकडे २३ पासूनच सावध व्हायचं आणि कंबर मोजायची, बायकांची ८०, पुरुषांची ९० सेंटिमीटर. सडपातळ दिसणाऱ्याला ‘तुम्हाला कसली शुगर’ म्हणून परत पाठवणारे अजून आहेत.

डॉ. डेव्हिड सॅकेट यांनी १९९६ मध्ये मांडलेली ‘एव्हिडन्स बेस्ड’ची व्याख्या तुला पाठ असेलच: संशोधन, आपला अनुभव आणि पेशंटचं म्हणणं, तिन्ही मिळून. आपल्याकडे पहिलं परीक्षेत लिहितात, दुसऱ्याचा तोरा मिरवतात आणि तिसऱ्याला वेळ नसतो.

आणि ते टेबल? दुसऱ्या वर्षी एका बैठकीत सरांनी त्याचं सादरीकरण केलं, ‘आम्ही राबवलेला उपक्रम’. फोटोत टेबल होतं, चादर होती आणि कफ बांधणारा माझा बांगडीतला हात. मनगटापर्यंतच. २०२४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा १३३ जणांवरचा अभ्यास आला. हात मांडीवर ठेवून मोजलं तर वरचा आकडा सुमारे ४ ने जास्त येतो, नुसता लोंबता ठेवला तर साडेसहाने. सर आता निवृत्त आहेत. मी त्यांना ती बातमी व्हॉट्सॲपवर पाठवली. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

हे वाचून कुणी स्वतःच्या गोळ्या बंद करू नका. मावशींच्याही डॉक्टरांनीच कमी केल्या, मी नाही. आणि एक गोळी आजही चालू आहे, म्हणजे बीपी होतंच, फक्त तेवढं नव्हतं. चक्कर येण्याची कारणं दहा असतात, एका माणसाच्या गोष्टीवरून नियम काढू नये हेही पुरावाच शिकवतो. छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, अशाला पाच मिनिटं बसवायचं नसतं, सरळ पाठवायचं. सरांबद्दलही सांगते, साथीच्या दिवसांत माणूस रात्री अकरापर्यंत बसायचा.

पुढे काय करावं हेही विचारलंयस. परदेशात नर्स प्रॅक्टिशनर स्वतः औषध लिहिते, अमेरिकेत १९६५ पासून तसं शिक्षण आहे. इथे त्या भरवशावर राहू नकोस. सीएचओची, म्हणजे सरकारी उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची, जागा मिळत असेल तर घे. आयुष्मान आरोग्य मंदिर या सरकारी योजनेत उपकेंद्र बऱ्यापैकी तुझ्या हातात असतं. तिशीवरच्यांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे कुणाला बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका आहे ते चाळणारे फॉर्म, आशाताई भरून आणतात, बीपी-शुगर तू बघायची. पहिल्या दिवशी रजिस्टर उघडण्याआधी बीपीचं टेबल कुठे आहे आणि खुर्चीला पाठ आहे का ते बघ. स्टूल असेल तर अर्ज करत बसू नकोस, तिथल्या मामांना सांग.