मेंदूवर काम करायचं तर एमबीबीएसच हवं का?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित सोडून. लंडनच्या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूवरचा एक व्हिडिओ पाहिल्यापासून आठवणी मेंदूत कुठे राहतात, याचंच तिला वेड लागलंय. नीटमध्ये मार्क कमी पडले तर हा रस्ता बंदच ना? – एक आई, बार्शी

उत्तर : ताई, बंद अजिबात नाही. हे क्षेत्र बऱ्याच अंशी मानसशास्त्रवाल्यांनीच उभं केलंय. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा (कानामागे आत खोलवर असलेला, नव्या आठवणी घडवणारा भाग) मोठा भाग काढला. ऑपरेशन सर्जनने केलं, पण नेमकं काय गेलं ते शोधलं ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी. आरशात बघत चांदणीच्या दोन रेघांमधून पेन्सिल फिरवायला त्यांनी त्याला सांगितलं. तीन दिवसांत हात सफाईने चालू लागला, पण हे आपण आधी केलंय याचा त्याला पत्ताच नाही! बालपणातलं मात्र बरंच आठवत होतं. जुन्या आठवणी हळूहळू कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, हवाली होतात की हिपोकॅम्पस कायम लागतोच, हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणजे तिच्यासाठी काम शिल्लक आहे.

आता जागांच्या आठवणीकडे येऊ. १९७१ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांनी दाखवलं, की उंदीर ठराविक जागी आला की हिपोकॅम्पसमधली ठराविक पेशी पेटते, म्हणजे विजेचे संदेश सोडते, तिथून हलला की गप्प. खोली बदलली की त्याच पेशी नवा नकाशा मांडतात. २००५ मध्ये मोसर दांपत्याच्या प्रयोगशाळेला हिपोकॅम्पसशेजारच्या एंटोऱ्हायनल कॉर्टेक्स या भागात, उंदीर जमिनीवरच्या षटकोनी जाळीच्या बिंदूंवर आला की पेटणाऱ्या पेशी सापडल्या. २०१४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं आणि तिघेही मानसशास्त्र शिकलेले. टॅक्सीवाल्यांचं म्हणाल, तर सुमारे २५,००० रस्ते पाठ करणाऱ्या त्या चालकांच्या हिपोकॅम्पसचा मागचा भाग मोठा निघाला, पण पुढचा लहान. व्हिडिओत हे दुसरं सांगितलं होतं का, विचारा तिला.

आता रोकडं बोलू. माझी खरी काळजी नीटची नाही, सोडलेल्या गणिताची आहे. आयसर पुणे या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेच्या पाच वर्षांच्या बीएस-एमएसला (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) गणिताशिवायही अर्ज करता येतो, पण प्रवेश परीक्षेत चौथा हिस्सा गणिताचाच असतो. पुढे पेशींच्या नोंदी तपासायला स्टॅटिस्टिक्स आणि प्रोग्रामिंग लागतंच. अकरावीचं गणिताचं पुस्तक आजच घरात आणा.

पीएचडीसाठी मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, बंगळुरूची आयआयएस्सी आणि एनसीबीएस, मुंबईची टीआयएफआर या संशोधन संस्था आहेत. बारावीनंतर दहा-अकरा वर्षं धरा. पीएचडीत फेलोशिप मिळते. २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे सुरुवातीची संशोधन फेलोशिप, महिना ३७,००० रुपये आहे. नोकऱ्या मात्र मोजक्या, हे आधीच कानावर घालते.

आणखी एक. उंदरांच्या डोक्यात इलेक्ट्रोड बसवणं तिला झेपेल का, हे तिच्याशी मोकळेपणाने बोला. नाही म्हणाली, तर माणसांवरचं एमआरआयचं काम आहे. त्यासाठी मानसशास्त्रात पदवी घेऊन आयआयटी गांधीनगरला कॉग्निटिव्ह सायन्समध्ये (मन आणि विचारप्रक्रियेचा अभ्यास) एमएस्सी करता येईल.